घरून दागिने विकण्यासाठी २५ हजारांत कॅमेरा आणि लाइट कोणते घ्यावेत?

तुम्ही कोपरखैरण्याहून विचारलंय, की घरून ठुशी, नथ, तन्मणी विकायला सुरुवात केलीय, हातात २५ हजार आहेत, तर कॅमेरा कोणता घेऊ? सध्या कुठलाच नको. फोन बऱ्यापैकी असेल तर त्यानेच काढा आणि आधी चार-पाच हजार उजेडावर घाला.

हे पोळल्यावर सांगतोय. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, वहिनीच्या इमिटेशन दागिन्यांचे फोटो माझ्याकडे असतात. सुरुवातीला मोठ्या हौसेने मुंबईच्या फोर्टातून सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणला आणि हॉलमधल्या दिव्याखालीच फोटो काढत बसलो. लाल खडे विटकरी यायचे. एका बाईंनी नथ परत पाठवली, 'फोटोत रंग वेगळा होता' म्हणून. कॅमेऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. घरातल्या साध्या एलईडीचा सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, बहुधा ८०च्या आसपास असतो आणि त्यात नेमका लाल रंगच मार खातो. म्हणून खोक्यावर सीआरआय ९५ किंवा जास्त आणि ५५०० केल्विनच्या (दिवसासारखा पांढरा उजेड) आसपास लिहिलेले, एकाच कंपनीचे दोन दिवे घ्या. खिडकीचा उजेड आणि घरातली ट्यूब एकत्र आणू नका. तुमच्याकडे घरं चिकटून असतील तर समोरच्या भिंतीचा पिस्ता किंवा गुलाबी रंगही मोत्यावर उतरतो, आणि पावसाळ्यात तर दर दोन मिनिटांनी उजेड बदलतो. पडदा ओढून घ्या.

खरा घाम ठुशी काढते. तिचा एकेक मणी म्हणजे बाहेर फुगलेला इवलासा आरसा. त्यात फोन, तुमचा हात, छताचा पंखा, अंगातला लाल ड्रेस, सगळं दिसतं. दिवा वाढवला तर मण्यावर नुसता पांढरा ठिपका पडतो. इथे दिवा प्रखर नको, मोठा हवा. ठुशीपासून वीतभर अंतरावर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि दिवा त्याच्या मागे इतका लांब ठेवा, की अख्खा कागद उजळेल. आता मण्याला तो कागद दिसतो, बल्ब दिसत नाही. समोरच्या बाजूला पांढरा फोम बोर्ड उभा करा. एवढं करून मणी पांढऱ्या कागदात विरघळल्यासारखे वाटले, तर बाजूला काळ्या कार्डाची बोटभर पट्टी धरा. मण्याला कड येते. मोत्यांसाठी मी एकच दिवा लावतो, दोन लावले की प्रत्येक मोत्याला दोन डोळे फुटतात. दुसरा दिवा दागिन्यामागचा पार्श्वभूमीचा कागद उजळायला ठेवा.

फोन ट्रायपॉडवर, टायमर २ सेकंदांचा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर फार वेगवान ठेवलं तर फोटोत पट्टे येतात. फोन दागिन्याला चिकटवू नका, थोडं मागे जाऊन टूएक्स (दुप्पट झूमची) लेन्स वापरा, नाहीतर नथ वाकडी दिसते. पांढरी पार्श्वभूमी फोनला करडी करायची खोड असते, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) हाताने थोडं वाढवा. ॲमेझॉनला मुख्य फोटोत पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने ८५ टक्के जागा व्यापलेली हवी.

सहा महिन्यांनी धंदा जमला तर कॅमेऱ्याकडे वळा, पण बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी साधी चालेल, पैसा मॅक्रो लेन्सवर, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या लेन्सवर घाला. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बहुतेक १८-५५ लेन्सना साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही आणि नथ फ्रेममध्ये चिमुकली उरते. जुनी लेन्स घेताना आत टॉर्च मारून बघा. खाडीच्या दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, दुकानदार तिला 'थोडी धूळ' म्हणतो. माझी पहिली लेन्स तशीच निघाली. आता मी कॅमेरा लोणच्याच्या जुन्या हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) टाकून ठेवतो. वहिनी अजून तो डबा परत मागते.