अमेरिकेत सरकारी अधिकाऱ्याने काँग्रेसचे (तिथल्या संसदेचे) समन्स धुडकावले, तर त्याला तुरुंगात जावे लागते का?

कायद्याने हो, पण माणूस पदावर असेपर्यंत प्रत्यक्षात जवळजवळ नाहीच. समन्स डावलणे हा १ ते १२ महिने कैदेचा गुन्हा आहे. आधी समितीत मतदान, मग पूर्ण सभागृहात अवमानाचा ठराव आणि मग प्रकरण वॉशिंग्टनच्या सरकारी वकिलाकडे जाते. घोडे अडते ते इथे. हा वकील न्याय खात्याच्या हाताखालचा आणि ते खाते राष्ट्राध्यक्षांच्या. राष्ट्राध्यक्षांनी विशेषाधिकार सांगून कागद रोखले असतील, तर खाते खटलाच भरत नाही. न्याय खात्याचे प्रमुख म्हणजे अॅटर्नी जनरल. एरिक होल्डर (२०१२) आणि मेरिक गार्लंड (२०२४) या दोन अॅटर्नी जनरलवर ठराव झाले, खटला एकावरही नाही. ज्याच्यावर आरोप त्याच्याच खात्याने निर्णय घ्यायचा, ही पद्धत मला घातक वाटते.

उरतात दोन वाटा:

- दिवाणी दावा. यात काळ निघून जातो. व्हाइट हाउसचे माजी वकील डॉन मॅकगान यांना २०१९ मध्ये समन्स निघाले. साक्ष झाली जून २०२१ मध्ये, तीही बंद दाराआड. तोवर निवडणूक होऊन गेली होती.
- सभागृहाने स्वतः अटक करणे. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये हा अधिकार मान्य केला, पण १९३५ नंतर तो वापरात नाही.

मात्र सरकार बदलले की चित्र पालटू शकते. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळातले सल्लागार पीटर नवारो यांच्यावर बायडेन यांच्या काळात खटला चालला आणि २०२४ मध्ये त्यांनी ४ महिन्यांची कैद भोगली.