वीस सेकंदांचा फरक आणि ऐंशी हजारांचा कोर्स

पत्र: मुलगा इंजिनीअरिंगला एक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने नाडी मोजणारा मनगटी पट्टा बनवतोय. रात्री एक पट्टा स्वतः घालतो, एक मला घालायला लावतो आणि सकाळी आठ तासांत दोन्हींच्या वेळेत वीस सेकंदांचा फरक पडला म्हणून डोकं धरून बसतो. बॅटरी वाचवायला त्याने काहीतरी बंद केलंय म्हणे. बरोबरीची मुलं डेटा सायन्सच्या मागे लागलीत. प्रोजेक्ट बंद करून ऐंशी हजारांच्या कोर्सला घालू का? घड्याळाच्या नादात वर्ष जाईल अशी भीती वाटते.
— एक आई, कोपरखैरणे

ताई, नमस्कार.

ऐंशी हजार आत्ता भरू नका. डेटा सायन्सशी माझं वाकडं नाही, पण एक काम अर्धवट टाकून दुसरं धरायला पैसे कशाला मोजायचे?

आता ते वीस सेकंद. आठ तासांचे सेकंद होतात 28,800. त्यात वीसचा फरक म्हणजे दहा लाखांमागे जवळजवळ सातशे. या धंद्यात त्याला पीपीएम म्हणतात. साध्या क्वार्ट्झ घड्याळात 32,768 हर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा तुकडा, असतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात; पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला नेमका एक ठोका मिळतो. असा क्रिस्टल साधारण वीस पीपीएमच्या आत चुकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. दोन पट्टे उलट दिशांना चुकले तरी रात्रीत सव्वा सेकंदाच्या आसपास फरक पडायला हवा. वीस पडतोय, तेव्हा माझा अंदाज असा की चिरंजीवांनी क्रिस्टल बंद करून चिपच्या आतल्या आरसी घड्याळावर (रेझिस्टर-कपॅसिटरच्या, कमी अचूक) काम चालवलंय. किंवा त्याच्या मॉड्यूलवर क्रिस्टल बसवलेलाच नसेल, तसंही असतं.

आणि गंमत बघा, यात वाचलं किती? असं क्रिस्टलचं घड्याळ एक मायक्रोअँपिअरच्या आसपास खातं. महिन्याच्या 720 तासांचा हिशेब पाऊण मिलीअँपिअर-तासापर्यंतही जात नाही. पट्ट्याची बॅटरी शंभरेक मिलीअँपिअर-तासांची धरली तर हे टक्काभरसुद्धा नाही. तिकडे नाडी बघणारा एलईडी आणि ब्लूटूथचा रेडिओ चालू असताना मिलीअँपिअरमध्ये ओढतात, म्हणजे हजारपटीने. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!

त्यातही उलटा फटका आहेच. फोन आणि पट्टा ठरलेल्या वेळी भेटतात, मधल्या वेळात रेडिओ झोपलेला असतो. ज्याचं घड्याळ भरवशाचं नाही त्याला आधीच उठून कान देऊन बसावं लागतं. आपलं घड्याळ मागे असेल या धास्तीने 8:12 च्या लोकलसाठी आठलाच फलाटावर उभं राहण्यासारखं. ती बारा मिनिटं बॅटरीतून जातात. अचूक वेळ आणि बॅटरी ही दर वेळी एकमेकींच्या सवती असतातच असं नाही, हे त्याला स्वतः मोजून कळू द्या.

क्रिस्टल लॅमिंग्टन रोडवर थोडक्या रुपयांत मिळतो. मात्र शेजारचे दोन कपॅसिटर त्याच्या डेटाशीटप्रमाणेच लावायला सांगा. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी वीजमीटरवर काम करायचे, तेव्हा ते लहान मूल्याचे बसले आणि अख्खी बॅच पुढे धावू लागली. आम्ही दोन आठवडे प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो! क्रिस्टल लावणं शक्य नसेल तर रेडिओसाठीच्या वेगवान क्रिस्टलवरून आतलं घड्याळ दर काही सेकंदांनी जुळवून घेता येतं. उरलेला फरक फोनच्या वेळेशी रात्री एकदा, सकाळी एकदा ताडून नोंदींवर समप्रमाणात वाटायचा. मधेच घड्याळ मागेपुढे ढकलायचं नाही. नोंदींत भोकं पडतात.

आता करिअर. तो जे करतोय, म्हणजे उपकरणाच्या आतल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणं, त्याला फर्मवेअर किंवा एम्बेडेड म्हणतात. हीच अक्कल वीजमीटरला लागते, वैद्यकीय उपकरणांना लागते, गाडीच्या रिमोट किल्लीलाही लागते. नोकऱ्या आहेत, पण खोटा दिलासा देत नाही: ऐरोली-महापे पट्ट्यातल्या टोलेजंग इमारतींत बहुतेक काम सॉफ्टवेअर सेवांचं. या कामासाठी पुणे किंवा बंगळुरूची तयारी ठेवावी लागेल. कॅम्पसला मोठ्या कंपन्या येतील तेव्हा त्याने ॲप्टिट्यूडचा अभ्यास करून बसायचंच, त्यात कमीपणा नाही. पुढे शिकायचं तर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गणित आवडत असेल तर एमटेकसाठीची गेट परीक्षा.

मुलाखतीत मी स्वतः उमेदवारांना एकच विचारायचे: सरासरी करंट किती आणि तो कसा मोजलास? पाठ केलेली सी भाषा तिथे उघडी पडते. तेव्हा त्याच्याकडून एक पान लिहून घ्या. क्रिस्टलसह आणि क्रिस्टलशिवाय रात्रीचा फरक किती, सरासरी करंट किती, कशाने मोजला. मराठीत लिहिलं तरी चालेल, रेझ्युमेत नंतर इंग्रजी करता येईल. महिन्याभरात हे पान झालं नाही, नुसताच 'चालू आहे, चालू आहे' म्हणत राहिला, तर कोर्सचं पुन्हा बोलू.

तोवर तुमच्या मनगटावरचा पट्टा काढू नका. आकडे आले की कळवा, सव्वा सेकंदाच्या आसपास आले का ते मलाही बघायचंय.