‘डेफिनेटली’ म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

तुम्ही विचारलंय की ‘डेफिनेटली’ म्हणजे साधं ‘नक्की’च ना. हो. पण मुळात हा शब्द शेताच्या धुऱ्याचा आहे. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे सीमा, शेवट. ‘डेफिनिरे’ म्हणजे हद्द आखून देणं. फिनिश, फायनल, इन्फिनिटी ही सगळी त्याच घरातली. शब्दकोशात हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आमचं भांडणच हद्दीचं.

2017 च्या मे महिन्यात आमच्या जिंतूरकडच्या रानाची मोजणी होती. लगतचा खातेदार माझा चुलतभाऊ, नोकरीला पुण्यात. अण्णांनी आठ दिवस आधी फोन केला, “तू ये बाबा, तुझ्यासमोर खुणा होऊ दे.” तो म्हणाला, “डेफिनेटली येतो काका.” फोन ठेवून अण्णांनी मला विचारलं, “डेफिनेटली म्हंजी काय रे?” मी सांगितलं, नक्की.

मोजणीच्या दिवशी अण्णा सकाळी सातलाच धुऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन बसले. त्याच्यासाठी दशम्या बांधून नेल्या होत्या. मोजणी झाली, दगड रोवले, दशम्या तशाच घरी आल्या. पंधरा दिवसांनी तो उगवला आणि म्हणाला, मी हजर नव्हतो, मला मान्य नाही. पेरणीत त्याच्या बटईदारानं दोन दगड उपटून टाकले. मी जाब विचारला तर म्हणतो, “अरे, तसं बोलायची पद्धत असते.”

कसली पद्धत? यायचं जमणार नसेल तर ‘बघतो’ म्हणावं, आमच्याकडं त्यानं कुणी रुसत नाही.

याच अर्थाच्या ‘सर्टनली’चं मूळ चाळण्यात आहे, चाळून वेगळं काढलेलं ते पक्कं. ‘शुअरली’चं मूळ बिनघोर असण्यात. ‘डेफिनेटली’च्या स्पेलिंगमध्ये एननंतर आय येतो, ए नाही. आत ‘फायनाइट’ बसलाय हे ध्यानात ठेवा.

आता हेही खरं की इंग्रज माणूससुद्धा नुसतं ‘हो ना’ अशा अर्थानं हा शब्द वापरतो, प्रत्येक वेळी वचन देत नाही. पण माझ्या भावाला अण्णांनी तारीख सांगितली होती, गट नंबर सांगितला होता. तुम्हाला कुणी ‘डेफिनेटली’ म्हणालं तर किती वाजता ते तिथंच विचारून घ्या. मी अण्णांना त्या दिवशी अर्थ सांगितला, हे विचारायला सांगितलं नाही.