वाचक विचारतात : तिघी गातात, आवाज मात्र एकच

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, तिघींचंही गाणं पेटीवर शिकून झालंय. युट्यूबवर लंडनच्या पपिनी सिस्टर्स हा तिघी गायिकांचा ग्रुप बघितला आणि तसंच गाऊन बघितलं, पण दोन ओळी झाल्या की तिघीही मूळ चालीवरच येतो. चुकतंय कुठं? (एक वाचिका, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : चुकत काही नाही ओ, सवय आडवी येते. आपल्याकडं आरती असू दे, भजन असू दे की शाळेतली प्रार्थना, सगळ्यांनी मिळून एकच चाल म्हणायची, आणि क्लासला गेलं की एकटीनं गायचं, त्यामुळं शेजारची वेगळा सूर लावून उभी असताना आपला सूर धरून ठेवायचा हे कुणी शिकवलेलंच नसतं. पपिनी गातात त्याला क्लोज हार्मनी म्हणतात, म्हणजे शब्द तिघींचे एकदम, सूर तीन वेगळे, आणि ते तिन्ही शक्यतो एकाच सप्तकाच्या आत, अगदी खेटून.

त्यात चाल बऱ्याचदा मधल्या आवाजात असते. अमेरिकेतल्या जुन्या अँड्र्यूज सिस्टर्स या तिघी बहिणींमध्ये पॅटी चाल गायची, मॅक्सिन तिच्या वर आणि लव्हर्न खाली. ऐकणाऱ्याचा कान वरच्या आवाजाकडं जातो आणि मग आपण उचलतो ते भलतंच.

असं करून बघा. पट्टी काळी चार. मधलीनं ग म रे ग म्हणायचं, वरचीनं त्याच वेळी प ध प प, आणि खालचीनं सा सा नि सा, नि मंद्रातला. बघा की, खालचीला जवळपास एकाच जागी उभं राहायचंय, सगळ्यात कंटाळवाणी ओळ तिचीच आणि धरायला अवघडही तीच. कॉलेजच्या ग्रुपमध्ये जिचा आवाज बारीक तिला ही ओळ देऊन टाकतात, मग सगळं गाणंच घसरतं. जिचा कान पक्का तिला द्या. प्रत्येकीची ओळ मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या आणि बाकीच्या दोन ओळी कानात चालू ठेवून आपली म्हणा.

मुरकी, मींड पूर्ण बंद! एकीनं जरी सूर हलवला तरी तिघींचा मिळून झालेला कॉर्ड फुटतो. ‘आ’ला तोंड तिघींचं सारखंच उघडलं पाहिजे, श्वास एकाच जागी, आणि शब्दाच्या शेवटी ‘स’ आला तर तो एकीनंच म्हणायचा, नाहीतर साप फुसफुसल्यासारखं होतं. पेटी सूर घेण्यापुरतीच वाजवा. तिचा शुद्ध ग किंचित चढा असतो, तंबोऱ्यावर नुसता सा प लावून ग हळूहळू खाली आणला की एका जागी तिन्ही आवाज घट्ट बसतात, ते कानाला लगेच कळतं. आणि टाळी पहिल्या मात्रेवर नको, दुसऱ्या आणि चौथ्यावर द्या, त्याशिवाय स्विंग, म्हणजे जॅझमधला तो झोका, येत नाही.

प्रश्न : हे तिघींनी तीन सुरात गायचं आत्ताचं फॅड आहे की जुनंच काही? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : जुनंच. न्यू ऑर्लीन्सच्या बॉसवेल सिस्टर्स 1930च्या दशकात रेडिओवर गायच्या, मार्था, कॉनी आणि व्हेट, लहानपणी पियानो, चेलो, व्हायोलिन शिकलेल्या. गाण्याच्या मध्येच लय बदलायची, चाल पार उलटीपालटी करायची, हे सगळं कॉनीच्या डोक्यातनं यायचं. 1936 ला तो ग्रुप थांबला. त्यांची नक्कल करत करत तयार झालेल्या अँड्र्यूज सिस्टर्सचं 1937 मध्ये एक मूळचं यिद्दिश गाणं गाजलं आणि पुढं महायुद्धात त्या सैनिकांच्या लाडक्या झाल्या. मला विचाराल तर कसबात बॉसवेल एक पायरी वरच्या.

पपिनी सिस्टर्स 2004 च्या. मार्चेल्ला पपिनीला ही कल्पना एक फ्रेंच कार्टून सिनेमा बघून सुचली. जुनी गाणी तर त्या गातातच, शिवाय सत्तरीतली डिस्को, पॉप गाणीही त्याच ढंगात बसवतात, आणि तिथंच खरी मजा आहे. न्यूयॉर्कचा डचेस हाही तिघींचाच ग्रुप, त्यांच्यावर बॉसवेलची छाप. बाकी बरेच ग्रुप लाल लिपस्टिक, ठिपक्यांचे फ्रॉक आणि केसांचे फुगे यातच अडकलेत, डोळे मिटून ऐकलं की उघडे पडतात.

प्रश्न : हे फक्त बायकांनीच गायचं असतं का? आणि आमच्या भजनी मंडळात बसवता येईल का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : कोण म्हणालं? ओहायोचे मिल्स ब्रदर्स चौघं भाऊ, एक गिटार आणि बाकी ट्रम्पेट, ट्यूबा सगळं तोंडानं. इटलीत तर सोरेल्ले मारिनेत्ती म्हणून तिघे पुरुष बायकांच्या वेशात उभे राहून तिथल्या जुन्या त्रिओ लेस्कानो या तिघी बहिणींची गाणी गातात. आपण बालगंधर्वांचं कौतुक करणारी माणसं, आपल्याला त्याचं काय नवल!

अभंगाला मात्र हे लावू नका, अगदी स्पष्ट सांगतो. रागात प्रत्येक सूर सा शी बोलत असतो, खाली कॉर्ड बदलत गेले की त्याचा रंगच जातो आणि ऐकणारे म्हणतात पेटी बिघडलीय. त्यापेक्षा सी. रामचंद्रांची 1950च्या दशकातली झटकेबाज गाणी घ्या, चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक मुंबईत हा स्विंग घेऊन त्यांच्याकडं वाजवायचेच, त्यामुळं चाली आधीच त्या वळणाच्या आहेत. आणि कान तयार करायला लांब जायला नको. चोर्ला घाट उतरलं की गोव्यात मांडो ही कोकणी गाणी दोन आवाजात गातात, बेळगावात कॅम्पातल्या चर्चचं क्वायर आहे, नाताळच्या आधी त्यांची प्रॅक्टिस चालते तेव्हा विचारून मागच्या बाकावर बसा आणि फक्त खालच्या आवाजाकडं लक्ष ठेवा.