सिकाडा वेगवेगळ्या ठिकाणच्या तापमानाशी कसं जुळवून घेतात?

तुमचा प्रश्न असा, की कीटकांना स्वतःची उष्णता नसते म्हणतात, मग सिकाडा (झाडांवर बसून कर्कश ओरडणारा कीटक) ४० अंशांच्या उन्हात ओरडतो कसा आणि थंड डोंगरावर टिकतो कसा? सगळे सिकाडा एकाच उपायावर जगत नाहीत. कुणी पाणी खर्च करतो, कुणी ऊन खातो, कुणी स्वतःचे स्नायू तापवतो. तो राहतो तिथे काय मुबलक मिळतं, त्यावर हे ठरतं.

सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातल्या 'डायसेरोप्रोक्टा अपाची' या जातीचं. शरीर साधारण ३९ अंशांवर गेलं की हा सिकाडा सावली शोधतो आणि ४५-४६ च्या आसपास लुळा पडतो. तरीही जून-जुलैच्या भर दुपारी, सावलीतली हवा ४० च्या वर असताना त्याचे नर ओरडत असतात. संशोधक एरिक टूलसन यांनी १९८० च्या दशकात यामागचं कारण दाखवून दिलं: हा कीटक चक्क घाम गाळतो. पाठीवर आणि पोटावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून रक्तातलं पाणी बाहेर येतं आणि बाष्पीभवनाने शरीर हवेपेक्षा काही अंश थंड राहतं.

वाळवंटात पाण्याची ही उधळपट्टी परवडते, कारण सिकाडा सोंडेने झाडाच्या जलवाहिन्यांतला रस पितो. त्या रसात पोषण नावापुरतं, बाकी जवळजवळ सगळं पाणी. पोट भरायचं तर तो भरपूर प्यावाच लागतो, म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप येतं. मेस्क्विटसारख्या झाडांची मुळं खोल जात असल्याने आजूबाजूला सगळं सुकलं तरी हा नळ चालू राहतो. फायदाही मोठा आहे. भर दुपारी सिकाडा खाणारे पक्षी उन्हाला कंटाळून सावलीत बसलेले असतात. ही व्यवस्था दोन ठिकाणी कोलमडते: फांदीवरून हुसकावलेल्या कीटकाला प्यायला मिळालं नाही तर, आणि हवा दमट झाली तर. दमट हवेत घाम उडत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये दिसते. तिथले 'माओरिसिकाडा' गटातले उंचावरचे सिकाडा लहान, काळपट आणि केसाळ असतात. काळा रंग ऊन शोषतो, केस वाऱ्याने उष्णता निघून जाऊ देत नाहीत. ते दगडावर पसरून ऊन खातात आणि ढग आला की गाणं थांबतं. स्नायू पुरेसे गरम नसतील तर पोटाजवळचे ध्वनिपडदे वेगाने हलवता येत नाहीत, एवढं साधं कारण आहे.

तिसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण 'थंड रक्ताचे' हे लेबल इथे टिकत नाही. काही जाती उडण्याचे स्नायू आकुंचन पाववून, पंख न फडफडवता, उष्णता तयार करतात. संशोधक ॲलन सॅनबॉर्न आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जातींबरोबरच दक्षिण आफ्रिकेतल्या 'प्लॅटिप्ल्युरा' जातींतही हे मोजून दाखवलं. अशा जाती दाट सावलीत किंवा सूर्य मावळल्यावरही गाऊ शकतात. 'प्लॅटिप्ल्युरा'च्या जाती भारतातही आहेत. त्यामुळे सह्याद्रीत एप्रिल-मेच्या संध्याकाळी जो कर्कश कोरस उठतो, त्यातल्या कोणत्या जाती स्वतः तापतात हे तपासण्यासारखं आहे.

जमिनीखालच्या पिलांना यातलं काही करावं लागत नाही, माती त्यांना सांभाळते. पण बाहेर पडण्याची वेळ तापमानच ठरवतं. अमेरिकेतले, जमिनीखाली १३ किंवा १७ वर्षं काढणारे सिकाडा साधारण २० सेंमी खोलीवर माती १८ अंशांच्या आसपास पोहोचली की बाहेर येतात. म्हणून उघड्या, उन्हाच्या उतारावर ते आधी आणि गर्द झाडीखाली काही दिवसांनी दिसतात.

स्वतः मोजायचं असेल तर बारीक थर्मिस्टर किंवा थर्मोकपल सुई (तापमान मोजणारी सुई) घ्या. सिकाडा पंखांच्या टोकांनी धरा, कारण बोटांची ऊब लगेच छातीत उतरते. सुई छातीच्या वरच्या बाजूने आत घाला आणि पकडल्यापासून ५ सेकंदांत आकडा घ्या. त्याच जागेचं हवेचं तापमान सावलीत धरलेल्या सुईने घ्या. बाजूला त्याच जातीचा मेलेला कीटक त्याच फांदीवर, त्याच दिशेने बसवून ठेवा. जिवंत कीटक मेलेल्यापेक्षा स्पष्ट गरम निघाला तर उष्णता आतून येते आहे. तो आकडा उड्डाण संपल्यावर लगेच घेतलेला नसावा, कारण उडण्यानेही छाती तापते. इन्फ्रारेड पिस्तूल (न टेकवता दुरून तापमान मोजणारं यंत्र) यासाठी निरुपयोगी आहे, त्याचा ठिपका कीटकापेक्षा मोठा असल्याने आकडा बहुतेक सालीचाच येतो. आणि वळवाची सर नुकतीच येऊन गेली असेल तर थांबा: ओलं अंग बाष्पीभवनाने आपोआप थंड होतं आणि तापणारी जातही न तापणारी वाटते.