पश्चिमेच्या काचेलगतच्या पाच खुर्च्या

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. नाशिकमध्ये आमची छोटी फर्म आहे. व्यापाऱ्यांचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं, पगारपत्रकं अशी कामं करतो. माणसं 38. चौदा महिन्यांपूर्वी कॉलेज रोडवरचा जुना बंगला सोडला आणि नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर 2,200 चौरस फुटांचा सलग हॉल घेतला. भाडं बंगल्यापेक्षा महिना 20,000 रुपयांनी कमी. पश्चिमेला पूर्ण काच, मध्ये एकही भिंत नाही. तेव्हापासून 9 जणांनी राजीनामे दिले. बंगल्यात वर्षाला दोन-तीन जायचे. पगार बाजाराप्रमाणे आहेत, दिवाळीला बोनस आहे. एका इंटिरिअरवाल्यांनी टेबल टेनिस, बीनबॅग आणि भिंतीवर मोठी चित्रं सुचवून साडेचार लाखांचं अंदाजपत्रक दिलं आहे. माझा मुलगा म्हणतो, आजकालची पिढीच टिकत नाही. माणसं जाण्याचा आणि जागेचा खरंच काही संबंध असतो का?
— एक उद्योजिका, नाशिक (नाव छापू नये)

उत्तर : तुमचं पत्र आल्यावर मी फोन करून एकच गोष्ट विचारली होती. गेलेले नऊ जण बसायचे कुठे? दोन दिवसांनी तुम्ही हॉलच्या नकाशावर फुल्या मारून पाठवल्यात. पाच फुल्या पश्चिमेच्या काचेला लागून, दोन प्रिंटर आणि चहाच्या ओट्याजवळ, उरलेल्या दोन इतरत्र.

नऊ माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे आधी सांगते. माणूस नोकरी सोडतो त्यामागे पगार असतो, वरच्याचं वागणं असतं, लग्न, घरातलं आजारपण असतं. ते सगळं जागेच्या माथी मारणं बरोबर नाही. पण एकाच कडेच्या पाच खुर्च्या रिकाम्या होतात, तेव्हा पिढीला बोल लावण्याआधी त्यातल्या एका खुर्चीत दुपारी तीन ते सहा स्वतः बसून बघायला हवं. मी तसं सुचवलं आणि तुम्ही खरोखर बसलात, याचं मला फार बरं वाटलं. तुमचा निरोप मी जपून ठेवला आहे : "साडेचारला स्क्रीनवर आकडे दिसेनात, माझाच चेहरा दिसत होता. पाठ भाजत होती आणि डोक्यावर एसीचा गार झोत."

आता पैशांचं बोलू. तुम्ही फोनवर दिलेले आकडे असे : पगार महिना 10,64,000 रुपये, भाडं 1,21,000, वीजबिल 34,000. म्हणजे पगाराच्या एका रुपयामागे भाडं साधारण 11 पैसे आणि वीज 3 पैसे. जेएलएल या मालमत्ता सल्लागार कंपनीचा एक ठोकताळा ऑफिसच्या जागा आखण्याच्या आमच्या व्यवसायात प्रसिद्ध आहे. दर चौरस फुटामागे वर्षाला विजेपाण्यावर 3 डॉलर, भाड्यावर 30 आणि माणसांवर 300. ठोकताळा तिकडचा असला तरी तुमचं वहीखातंही तेच सांगतं. तरीही जागा घेताना मालक घासाघीस करतो ती त्या 11 पैशांवर. पगाराचा तो अख्खा रुपया दिवसभर कुठे बसतो, याचा विचार त्या बोलण्यात येतच नाही.

तुमच्याकडे सरासरी पगार 28,000. माणूस गेला की एजन्सीला साधारण एका महिन्याचा पगार द्यावा लागतो, ते 28,000. नवीन माणूस तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तीन महिने निम्मं काम करतो, ते 42,000. झाले 70,000. शिकवणाऱ्या ज्येष्ठाचा वेळ, चुकलेली विवरणपत्रं, "दर वेळी नवीनच माणूस फोन उचलतो" म्हणून नाराज झालेला व्यापारी, हे मी धरलेलंच नाही. चौदा महिन्यांत नेहमीचे तीन गेलेच असते असं मानलं, तर जादा गेले सहा. सहा गुणिले 70,000 म्हणजे 4,20,000. भाड्यात वाचले 2,80,000. या सहांपैकी चारच जण जागेमुळे गेले असं धरलं, तरी वाचवलेलं सगळं तिथेच गेलं.

पश्चिमेच्या काचेपासून सुरुवात करा. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, कारण भर उन्हाळा सोडला तर दुपारी सूर्य त्या बाजूला, पण वर असतो. पश्चिमेचं ऊन खालून, तिरकं येतं. तिथे आडवा छज्जा उपयोगाचा नाही, उभ्या पट्ट्या लागतात, आणि त्याही काचेच्या बाहेरून. आतला पडदा डोळ्यांना आराम देतो, पण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं आणि ती उष्णता मग एसीलाच काढावी लागते. इमारतीच्या सोसायटीकडे बाहेरच्या पट्ट्यांची परवानगी आजच मागा. ती मिळेपर्यंत काचेलगतची रांग चार फूट आत घ्या, ती वाट चालायला आणि कपाटांना ठेवा, आणि सगळी टेबलं अशी फिरवा की खिडकी माणसाच्या बाजूला येईल, पाठीमागे किंवा समोर नाही. याला पैसे लागत नाहीत, एक रविवार लागतो.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि माझ्या मते तुमच्या हॉलचं खरं दुखणं ते आहे. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या 11 आणि 20 तारखेच्या आधी तुमच्याकडे काय होतं ते तुम्हीच सांगितलंत : वीस जण एकाच वेळी व्यापाऱ्यांशी फोनवर, बाकीचे आकडे जुळवत. पंख्याची घरघर मन बाजूला सारू शकतं. शब्द सारता येत नाहीत. त्यातही एका बाजूचंच संभाषण कानावर पडलं की दुसरी बाजू मन आपोआप भरत बसतं. बंगल्यातल्या खोल्या जुनाट होत्या, पण त्यांच्या दीड फुटी भिंती हे काम न सांगता करत होत्या.

भिंती काढल्या की माणसं मोकळेपणाने बोलतात, असा समज आमच्या व्यवसायानेच पसरवला. मीही पसरवला. 2011 मध्ये पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफिस मी पूर्ण मोकळं केलं होतं. सहा महिन्यांनी सहज गेले, तर लोक आगीच्या जिन्यात उभं राहून फोनवर बोलत होते. एक मुलगी आईच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी बोलत होती आणि वरून-खालून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाठ करून भिंतीला चिकटली होती. ती पाठ मला अजून दिसते. पुढे 2018 मध्ये हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी मोकळ्या हॉलमध्ये हलवलेल्या कंपन्यांतल्या लोकांच्या गळ्यात संवेदक अडकवून मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं होतं आणि ईमेल वाढले होते. आडोसा नसला की माणूस कानात हेडफोन घालून स्वतःची भिंत बांधतो.

म्हणून टेबल टेनिस आणू नका. त्या चेंडूचा ठकठक आवाज तुमच्या हॉलमध्ये शेवटच्या टेबलापर्यंत जाईल. त्याऐवजी फोनचं काम करणारे एका टोकाला आणि आकडे जुळवणारे दुसऱ्या टोकाला बसवा. मध्ये फायलींची उंच कपाटं पाठीला पाठ लावून उभी करा. फोनसाठी चार बाय चारच्या दोन खोपट्या सुताराकडून करून घ्या : दोन प्लायच्या मध्ये रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी खनिज लोकर, दाराच्या फटीला रबर, आणि वर छोटा पंखा, नाहीतर पाच मिनिटांत आत जीव घुसमटतो. छताला पीओपी असेल तर आवाज त्यावरून उसळतो, तिथे आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स लावा. प्रिंटर आणि चहाचा ओटा लिफ्टकडच्या कोपऱ्यात हलवा. तिथल्या दोन फुल्या मी विसरलेले नाही.

तिसरी गोष्ट हवा. अनेकांना ठाऊक नसतं की स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. 38 माणसं, बंद काच, माणशी 58 चौरस फूट. चारनंतर जांभया येतात त्याला आळस म्हणू नका. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र विकत आणा. बाहेर ते साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग, दाखवेल. तुमच्या हॉलमध्ये दुपारी चारनंतर किती दाखवतं ते बघा. 2015 मध्ये हार्वर्डच्या जोसेफ अ‍ॅलन यांच्या गटाने 24 नोकरदारांना सहा दिवस एकाच ऑफिसात बसवून, त्यांना न सांगता फक्त हवा बदलली. भरपूर ताजी हवा असलेल्या दिवशी विचारशक्तीच्या चाचणीतले गुण नेहमीच्या ऑफिससारखी हवा ठेवलेल्या दिवसाच्या दुपटीवर गेले. तुमच्याकडे एका टोकाला एक्झॉस्ट आणि दुसऱ्या टोकाला जाळीची झडप बसवली तरी फरक पडेल. एसी 20 वरून 24 वर आणा. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. ते सांगायचे, खात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेला, म्हणजे ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. हवेत पाण्याचा फवारा, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. सुतासाठी हवा मोजायची हे शंभर वर्षांपूर्वीच्या मालकांना कळत होतं. ते माणसासाठी नव्हतं, याचा वडिलांना शेवटपर्यंत सल होता, आणि मी या कामात आले ती त्यामुळेच.

बदल केल्यावर नकाशा टाकून देऊ नका. वर्षभर फुल्या मारत राहा आणि मला कळवा.

प्रश्न : मी ठाण्यात एका विमा कंपनीत आहे. उंची चार फूट अकरा इंच. संध्याकाळी कंबर आणि मांड्या दुखतात, पाय सुजतात. एचआरचं म्हणणं, खुर्च्या महागाच्या आहेत आणि सगळ्यांना सारख्याच. वर एसीच्या थंडीने मी आणि आणखी चौघी रोज शाल घेऊन बसतो. आम्हीच नाजूक आहोत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. तुमचं टेबल बहुधा जमिनीपासून 75 सेंटिमीटर असेल. मोजून घ्या. तुमच्या उंचीच्या बाईने पाय जमिनीला टेकवून बसलं की कोपर येतो सुमारे 60 सेंटिमीटरवर. मग कोपर टेबलाला यावा म्हणून तुम्ही खुर्ची वर घेता, पाय लोंबकळतात, खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पाय सुजतात. खुर्ची कितीही महागाची असली तरी हे गणित बदलत नाही. भारतीय बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे तुम्ही अपवाद नाही, ते टेबल आपल्या मापाचं नाही. पायाखाली साधारण 15 सेंटिमीटरचा, आपल्याकडे किंचित उतरता लाकडी पाट हवा. कोणताही सुतार तासाभरात करून देतो.

थंडीचंही तसंच. ऑफिसचं तापमान ठरवण्याच्या जुन्या सूत्रात शरीराची उष्णता धरली होती ती चाळिशीच्या, 70 किलोच्या पुरुषाची. 2015 मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवलं की त्यामुळे बायकांच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली जाते. तुमच्या शालींचं कारण तिथे आहे.

एचआरकडे तक्रार म्हणून जाऊ नका, मापं घेऊन जा. टेबलाची उंची, तुमच्या कोपराची उंची, बाजूने काढलेला बसलेला फोटो, दुपारी तीनचं तापमान. पाच जणींनी एकत्र, लेखी. "मला त्रास होतो" या वाक्याला उत्तर मिळतं "सवय होईल". 15 सेंटिमीटरला तसं उत्तर देता येत नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात 55 माणसं आहेत. जिन्याखालच्या स्टोअररूममध्ये पाळणाघर करावं असं ठरतंय. कायद्यासाठी एवढं पुरेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, ही तरतूद 2017 साली आली. पण जिन्याखालची जागा नको. डोक्यावर दिवसभर पावलं वाजतात, उजेड नाही, हवा नाही, मुलं झोपणार नाहीत आणि आया दोन आठवड्यांत मुलांना परत आजीकडे ठेवतील. त्यातल्या एखादीला आजी नसेल, तर ती नोकरी सोडेल. तळमजल्यावर पूर्वेची खिडकी असलेली खोली द्या, मग ती मॅनेजरची केबिन का असेना. जनरेटरपासून लांब, मोरी लागून, आणि दाराची कडी मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर.