'अल्कधर्मी' खडक म्हणजे खारवट खडक का?

दर्यापूरकडच्या एका भाऊंनी विचारलंय की पेपरात वाचलं, "अल्कधर्मी अग्निजन्य खडकांत दुर्मिळ मृदा धातूंचे साठे सापडतात", अन् आमच्या वावराच्या माती परीक्षणाच्या कागदावरही "जमीन अल्कधर्मी" असंच लिहून आलंय, तर हा शब्द दोन्हीकडं एकच का, अन् एकच असेल तर खारपाणपट्ट्यात खाली काही माल असू शकते का?

प्रश्न लय भारी आहे. शब्द एकच, अर्थ दोन, अन् खाली माल नाही भाऊ.

'दुर्मिळ मृदा'तल्या 'मृदा'चं आधी उरकून टाकतो. जुन्या केमिस्ट्रीत पाण्यात न विरघळणाऱ्या, तापवलं तरी न बदलणाऱ्या ऑक्साइडांना युरोपात 'माती' म्हणायचे. स्वीडनमधल्या यिटर्बीच्या खाणीत 1787 साली एक काळा जड दगड सापडला, 1794 मध्ये गाडोलिन नावाच्या केमिस्टनं त्यात अशी एक नवी 'माती' शोधली, अन् ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आहेत ते सगळे धातू, लँथॅनम, सिरियम, निओडिमियम वगैरे.

आता अल्कधर्मी. अल्कली हा शब्द मूळचा अरबी, खाऱ्या जमिनीवरची झुडपं जाळून जी राख उरायची तिच्यावरून आलेला, आपल्याकडचा सज्जीखार म्हणजे त्याच जातीची वस्तू. म्हणजे जमिनीचा अर्थ मूळ अर्थाला जवळचा आहे. माती परीक्षणवाले माती पाण्यात कालवून सामू (पीएच) बघतात, तो 8.5 च्या वर गेला अन् मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम 15 टक्क्यांच्या वर निघालं की जमीन चोपण, म्हणजेच अल्कधर्मी, मग जिप्सम टाका म्हणतात.

खडकवाले सामू बघतच नाहीत. ते बघतात की खडकात सोडियम-पोटॅशियम किती, अन् त्यांना पुरेल एवढी सिलिका (वाळूतला मुख्य घटक) अन् अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) आहे का. कारण फेल्डस्पार हे खडकातलं नेहमीचं खनिज बनायला हे दोन्ही लागते. सिलिका कमी पडली तर नेफेलिन नावाचं खनिज बनते, अ‍ॅल्युमिना कमी पडलं तर शिल्लक सोडियम इजिरीनसारख्या खनिजात जाऊन बसते. असा हिशोब जमला की खडक अल्कधर्मी, मग तुम्ही तो जिभेला लावून बघा, खारट काहीच लागत नाही.

अन् गंमत अशी की दुर्मिळ धातू गोळा होतात ते या शिल्लक सोडियमच्या संगतीनंच. खोल प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात, खडक सगळा वितळत नाही, शेकड्यातले थोडेसेच भाग वितळतात, अन् त्या थोड्याशा रसात पहिले उतरतात ते असे धातू ज्यांना साध्या खनिजात जागाच मिळत नाही. कोणाचा आयन (विद्युतभारित कण) मोठा, कोणावर विद्युतभार जास्त. पुढं तो रस वर येऊन एखाद्या कोठीत हळूहळू थंड होते तेव्हा पुन्हा तेच, ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, फेल्डस्पार ही साधी खनिजं पटापट स्फटिक होऊन मोकळे होतात अन् हे बाकीचे उरतात, म्हणजे एसटीत सगळे सीटवर बसून गेले अन् भलं मोठं बोचकं घेतलेला माणूस दाराशीच उभा, तसं. साध्या ग्रॅनाइटच्या रसात झिर्कॉन नावाचं खनिज लवकर तयार होऊन झिर्कोनियम धातूला घेऊन जाते, पण सोडियम जास्त असलेल्या रसात झिर्कोनियम विरघळूनच राहते, वरून फ्लोरिनसारखे वायू रसाला लवकर गोठू देत नाहीत. शेवटी जो घोटभर रस उरते त्यात झिर्कोनियम, नायोबियम, दुर्मिळ मृदा सगळी गर्दी. ग्रीनलंडच्या इलिमाउसाकमध्ये याचे पट्टेच दिसतात, काळा, तांबडा, पांढरा असे एकावर एक, त्यातला तांबडा यूडियलाइटचा, म्हणजे झिर्कोनियमचा. रशियात कोला द्वीपकल्पावर लोवोझेरोला लोपाराइट हे दुर्मिळ मृदांचं खनिज खणून काढतात तेही असंच थरात बसलेलं.

याच घराण्यातला दुसरा खडक कार्बोनेटाइट, जवळजवळ सगळा कार्बोनेटचाच. कॅलिफोर्नियाचं माउंटन पास त्यातलं, ब्राझीलचं अराशाही त्यातलंच, तिथं तर वरचा खडक झिजून चुना वाहून गेला अन् नायोबियम जागेवर राहिलं, म्हणून माल आणखी दाट. टांझानियात ओल डोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे, त्याच्या लाव्ह्यात खरोखरच धुण्याचा सोडा असते, काळा निघते अन् हवेतल्या ओलीनं पांढरा पडते. जवळचं नेट्रॉन सरोवरही खाऱ्या सोड्याचं. तिथं मात्र दोन्ही अर्थ एकाच गावात नांदतात.

आपल्याकडं तसं नाही. खारपाणपट्टा म्हणजे पूर्णेनं आणून टाकलेला खोल गाळ, निचरा नाही म्हणून मीठ साचलेलं, त्याचा लाव्ह्याच्या त्या शेवटच्या रसाशी संबंध नाही. लोणारचं पाणी कितीही अल्कधर्मी असलं, तिथली पापडी अन् दल्ला (सोड्याचेच प्रकार) एके काळी विकायला जात असले, तरी खालचा खडक साधा बेसाल्टच, पाणी येते अन् बाहेर जायला वाट नाही म्हणून आटून आटून सोडा जमला. खरे अल्कधर्मी खडक बघायचे तर गुजरातेत अंबाडोंगर, आपल्याच दक्खनच्या लाव्ह्याच्या काळातलं, किंवा राजस्थानात सिवाना.

घोळ वाढवते तो आणखी एक अनुवाद. बेसाल्टला भूशास्त्रवाले 'बेसिक' म्हणतात, सिलिका कमी म्हणून, अन् मराठी करणारे तेही 'अल्कधर्मी' करून टाकतात, मग सगळा विदर्भच दुर्मिळ धातूंवर बसलाय असं वाटायला लागते. त्याच्यासाठी 'अल्पसिकत' असा चांगला शब्द आहे, सिकता म्हणजे वाळू, तो वापरावा. नेफेलिनवाल्या खडकांना मी 'अल्कलीबहुल' लिहितो, थोडा लांब आहे पण माती परीक्षणाशी गल्लत होत नाही. 'क्षारीय' मात्र नको, क्षार म्हटलं की आपल्या माणसाला बोअरचं पाणीच आठवते.